जंगल राखायचं म्हणजे माणसं हलवायचीच का? (गयानाचं इवोक्रामा आणि आपलं भीमगड)

मलप्रभाकाठ

गयाना (दक्षिण अमेरिकेतला देश) म्हटलं की आपल्याला फक्त क्रिकेट सुचतं. कन्हाय, कालीचरण, लॉइड, चंदरपॉल, आणि अलीकडचं म्हणजे २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल, प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर इंग्लंडला धुतलं होतं ती. माझा मावसभाऊ तिथं समुद्रात तेलाच्या जहाजावर नोकरीला आहे (२०१५ ला तेल सापडलं, आता अख्खा देश त्याच नादात आहे म्हणतो), तो सुट्टीत आतल्या भागात फिरून आला आणि इकडं बेळगाव जिल्ह्यात खानापूरला आल्यावर गप्पा सगळ्या जंगलाच्याच. मग मी पण बसून वाचून काढलं. म्हटलं इथं टाकावं, विषय आपल्या तालुक्याला येऊन भिडतोय.

तर राजधानी जॉर्जटाऊनहून ब्राझीलच्या सीमेवर लेथेमला जो रस्ता जातो, बराचसा लाल मातीचा, त्यावर कुरुपुकारी म्हणून ठिकाण आहे. तिथं एसेक्विबो नदी तराफ्यावर गाडी चढवून ओलांडायची. पलीकडं सत्तरएक किलोमीटर नुसतं जंगल, ते इवोक्रामा. ३,७१० चौरस किलोमीटर. आपलं भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटर, म्हणजे एकोणीस-वीस भीमगडं आत मावतील. जग्वार, हार्पी गरुड, माणसाएवढी पाणमांजरं, पाचशेच्या आसपास जातीचे पक्षी. वटवाघळांच्याच नव्वदएक जाती, आपण भीमगडातल्या बारापेडेच्या गुहेतल्या एका वटवाघळावर किती फुशारकी मारतो बघा (ते दुर्मीळ आहेच, मी कमी लेखत नाही).

मुद्दा प्राण्यांचा नाही पण. १९८९ ला क्वालालंपूरला कॉमनवेल्थ देशांची परिषद होती, तिथं गयानाचे अध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी सांगितलं की आमचं एवढं जंगल आम्ही यासाठी देतो, जंगल वापरूनही टिकतं का ते करून दाखवा. १९९६ ला त्याचा कायदा झाला. जंगलाचे साधारण निम्मे निम्मे दोन भाग केले. एका भागाला हात लावायचा नाही. दुसऱ्या भागात पर्यटन, संशोधन, आणि हो, लाकूडतोड पण. आणि तिथले मूळचे लोक, मकुशी म्हणतात त्यांना, त्यांचा शिकारीचा, मासेमारीचा, रानातलं आणायचा परंपरेचा हक्क कायद्यातच राखून ठेवला. फेअरव्ह्यू नावाचं गाव त्या जंगलाच्या आतच आहे, ते तिथंच राहिलं, उलट त्याला स्वतःच्या जमिनीचा पट्टा मिळाला.

इकडं आपल्याकडं काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. २०११ च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य जाहीर झालं, आत देगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर, मेंडील, आमगाव, तळेवाडी अशी गावं. आता तळेवाडीच्या कुटुंबांना पंधरा-पंधरा लाख देऊन बाहेर काढायचं सुरू झालं. मला प्रश्न एवढाच की राहायचं किंवा निघायचं, या दोनच वाटा आहेत का? तिसरी वाट तिकडं तीस वर्षं चाललीय, ती खरंच चालते का नुसती कागदावर छान दिसते?

जांबोटीकर

तुम्ही लिहिलासा छान. पण तळेवाडीला पावसाळ्यात एकदा जाऊन या मग बोलू. लाईट न्हाई, रस्ता न्हाई, नाल्यावर लाकडाचा साकव तो पण दर वर्षी गावकऱ्यांनीच बांधायचा. पेशंट आला की तिरडीसारखं बांधून खांद्यावरनं आणालेत लोकं, पेपरात फोटो येतात, दोन दिवस सगळे हळहळतात आणि परत पुढच्या पावसाळ्यापर्यंत गप्प. पोरांना शाळा म्हटलं तर मास्तर येईल त्या दिवशी. ज्यांनी सही केली त्यांनी हौसेनं केली न्हाई पण जबरदस्तीनं पण केली न्हाई. पंधरा लाखात खानापुरात किती जागा येते ते विचारू नका तो वेगळा विषय. पण उगाच लांबच्या देशाचं चित्र दाखवून आमच्या माणसाला जंगलातच ऱ्हावा म्हणून सांगू नका, तुम्ही स्वतः तिथं ऱ्हाणार का?

मलप्रभाकाठ

जांबोटीकर, बरोबर आहे तुमचं. ज्याला जायचं त्याला अडवा असं मी म्हणतच नाही. ज्याला राहायचं आहे त्याच्या हातात काय आहे, तेवढंच विचारतोय. रस्ता अडवायचा, लाईट अडवायची, घराची कौलं बदलायला परवानगी मागायला लावायची आणि मग विचारायचं, काय, जाता का? याला मर्जीनं गेले म्हणायचं का मग?

हिशेबनीस

जरा आकडे मांडू. गयाना २,१५,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या आठ लाखाच्या आसपास. आपला बेळगाव जिल्हा १३,४१५ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेला ४७ लाख ७९ हजार. म्हणजे तिथं माणूस शोधावा लागतो आणि इथं मोकळी जागा. निम्मं जंगल हात न लावता ठेवा आणि निम्मं वापरा हे त्यांना परवडतं. इथं निम्मं वापरा म्हटलं की पहिल्या वर्षीच दोन्ही निम्मे संपतील.

दुसरं, पैसे. असले प्रयोग परदेशी मदतीवर उभे राहतात आणि मदत आटली की गुंडाळतात. इवोक्रामाचं उत्पन्न येतं कुठून ते सांगा, मग पुढचं बोलू.

मलप्रभाकाठ

हिशेबनीस, नेमकं विचारलंत. सुरुवात मदतीवरच झाली, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) वगैरे. मग लाकूड, पर्यटक, येणारे संशोधक, रेंजर-गाईडचं ट्रेनिंग असं करत करत उत्पन्न उभं केलं. २००८ ला लंडनच्या कॅनोपी कॅपिटल कंपनीनं या जंगलाच्या पाऊस पाडणं, कार्बन धरणं असल्या सेवांवर पैसे लावले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्या बाजारात पुढं फार काही पिकलं असं मला तरी दिसत नाही. पण देश म्हणून गयानाचं जमलं. २००९ ला नॉर्वेबरोबर जंगल न तोडण्याबद्दल २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार, आणि २०२२ ला हेस कंपनीबरोबर दहा वर्षांत किमान ७५ कोटी डॉलरचे कार्बन क्रेडिट (जंगलानं धरून ठेवलेल्या कार्बनचे विकता येणारे दाखले), त्यातले १५ टक्के आदिवासी गावांना. गंमत म्हणजे हेस ही तेलाची कंपनी, तिथल्याच समुद्रात तेल काढणाऱ्यांपैकी होती (२०२५ ला शेव्हरॉननं विकत घेतली). एकीकडं समुद्रातून तेल काढायचं आणि त्याच देशाच्या झाडांकडून पुण्य विकत घ्यायचं. मला हे काही झेपत नाही, पण गावाला पैसा पोचतो हे खरं.

वखारवाला

माझ्या आजोबांपासून आमची वखार आहे म्हणून राहवत नाही. ग्रीनहार्ट तिथलंच ना? नाव ऐकून आहे. पाण्यात टाकलं तर बुडतं असं लाकूड. गोदीचे खांब, कालव्याची दारं यासाठी इंग्रजांनी भरपूर उचललं, समुद्राचा किडा त्याला लवकर लागत नाही. ध्रुवाकडं गेलेलं नान्सेनचं फ्राम जहाज, त्याला बाहेरून ग्रीनहार्टचंच कवच होतं बर्फाशी घासायला.

माझा प्रश्न असा की "टिकाऊ तोड" म्हणजे नक्की काय करतात? कारण आमच्याकडं पण कागदावर सगळं टिकाऊच असतं. झाडाला मार्किंग, हातोड्याचा शिक्का, पास, सगळं. आणि पासावर जेवढे घनफूट असतात तेवढेच ट्रकमध्ये असतात असं माझ्या आयुष्यात क्वचितच बघितलं.

मलप्रभाकाठ

मावसभावानं सांगितलं आणि नंतर वाचलं ते असं. ज्या तुकड्यात यंदा तोड करायची त्या तुकड्यातलं विकायजोगं प्रत्येक झाड आधी मोजतात, नंबर ठोकतात आणि नकाशावर टिंब देतात. नाले, उतार, सगळं त्याच नकाशावर. मग झाडांना गुंडाळलेल्या जाड वेली कितीतरी महिने आधी तोडून ठेवतात, कारण वेल ओली असताना एक झाड पाडलं की ती शेजारची चार ओढून घेते. पाडायची दिशा ठरवून खाच घेतात, म्हणजे झाड लहान झाडांवर पडत नाही. ओंडके ओढायच्या वाटा पण आधीच आखलेल्या, ट्रॅक्टर मोकाट फिरवायचा नाही, दोर लांबवर न्यायचा आणि ओंडका वाटेवर ओढून आणायचा. नाल्याकाठचं झाड सोडायचं, बियाण्याचं झाड सोडायचं, आणि एकमेकांना लागून असलेली झाडं एकदम काढायची नाहीत, नाहीतर वर खिंडार पडतं आणि ऊन खाली आलं की रान वेलींनी भरून जातं.

आणि मेन म्हणजे एकदा त्या तुकड्यातून बाहेर पडलं की साठ वर्षं तिकडं फिरकायचं नाही. साठ! म्हणजे आज तोड करणारा माणूस त्याच जागी दुसरी तोड बघायला बहुतेक असणारच नाही. २००८ ला त्यांना एफएससीचं (जंगल नीट सांभाळून लाकूड काढतात का ते तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफिकेट मिळालं ते या सगळ्याच्या तपासणीवर.

वखारवाला

वेली आधी तोडणं हे एकदम पटलं. आमचे जुने तोडणारे पण करायचे, आता ठेकेदाराला एवढा दम कुठला. साठ वर्षं मात्र... आमच्याकडं सागवानाला पण लोकांचा एवढा धीर नसतो, आणि ग्रीनहार्ट तर त्याहून सावकाश वाढतं. साठ वर्षांत पण ते परत तेवढं होईल का याची मला शंका आहे. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारलाय त्यांनी.

शिरशीची_लेक

मी माहेरची शिरशीची, सासर टिळकवाडी. वापर करून जंगल टिकतं का याचं उत्तर हवं तर उप्पागे आठवा. आमसुलाचा भाऊ, माशाच्या आमटीला घालायचो आम्ही, कुणी विकत पण घेत नव्हतं. नव्वदच्या दशकात बाहेरच्या देशात वजन कमी करायच्या गोळ्यांत त्याचा अर्क जायला लागला आणि एकदम भाव चढला. मग काय, ज्याला झाड दिसलं तो चढला. फळं पिकायची वाट कोण बघणार, मी थांबले तर शेजारचा नेणार! कच्चीच तोडली, फांद्या सकट तोडल्या. आणि पावसाळ्यात फळ येतं त्यामुळं वाळवायचं चुलीवर धूर देऊन, त्याला पुन्हा गाड्या भरभरून लाकूड. आई अजून सांगते, घरात ओटीवर माचण बांधलेलं, खाली रात्रभर निखारे, कपड्यांना महिनाभर आंबट धुराचा वास, वेणी सोडली तरी तोच वास. काही वर्षांनी भाव पडला आणि झाडं बोडकी राहिली.

म्हणून मला वाटतं वापर वाईट नाही आणि माणूस पण वाईट नाही. झाड कुणाचंच नसलं की असं होतं. ज्यांच्या बेट्टात झाड होतं, म्हणजे सुपारीवाल्यांना पाल्यासाठी जे रान वहिवाटीला दिलेलं असतं त्यात, तिथं लोक थांबायचे हो पिकेपर्यंत.

दांडेली_लोंढा_पॅसेंजर

शिरशीच्या ताई, अगदी बरोबर. आणि याचं उलटं उदाहरण बांबूचं. पन्नासच्या दशकात दांडेलीला पेपर मिल आली तेव्हा बांबू टनाला दीड रुपयानं देत होते सरकार. दीड रुपया! बुरुड लोक बाजारात किती जास्त देऊन घ्यायचे तो हिशेब वेगळाच. पुढं बांबू संपायला लागला तेव्हा बोट गाववाल्यांकडं, यांची गुरं चरतात म्हणून. माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकात कारवार जिल्ह्यात जाऊन अभ्यास केला तर गाववाले म्हणाले की बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं ते आम्ही कधी काढत नाही, तोडणारे मजूर मात्र ते साफ करून टाकतात, मग कोंब उघडे पडतात आणि गुरं, रानातली जनावरं येऊन खातात. वनखात्याच्या पुस्तकात लिहिलेलं की साफ करा, बेट चांगलं वाढतं. तपासल्यावर गाववाल्यांचं बरोबर निघालं.

लहानपणी आजोबांबरोबर बांबू आणायला गेलो की हात रक्तबंबाळ व्हायचे त्या काट्यांनी, आणि मी म्हणायचो तोडून टाका की हे. एक रट्टा मिळायचा.

तेव्हा इवोक्रामात मला महत्त्वाचं काय वाटतं तर नकाशा काढताना गाववाल्याला विचारलं का नाही.

मलप्रभाकाठ

विचारलं. गंमत अशी की मकुशी बायकांनीच आपलं एक संशोधन पथक केलं नव्वदच्या दशकात, कुठली झाडं कशाला, शेती कशी, शिकार कशी, सगळं म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढलं. आजूबाजूच्या गावांचं मिळून नॉर्थ रुपुनुनी जिल्हा विकास मंडळ १९९६ मध्येच झालं, त्यामुळं बोलताना एकेक गाव वेगळं पडलं नाही. कुठं मासे धरतात, कुठं शिकार करतात हे बघून मग रेषा मारल्या. आणि नंतर तिथल्या अरापैमा माशाचं तर अजून मजेदार. हा मासा दोन-अडीच मीटरचा होतो, आणि श्वास घ्यायला त्याला वर यावं लागतं. जुने कोळी तलावाच्या काठी गप्प बसून वर येणारे मासे मोजतात. दहा-पंधरा मिनिटांत कोण वर आला, कोण लहान कोण मोठा, आवाजावरून सांगतात म्हणे. त्यांच्याच मोजणीवर मासेमारीचे नियम ठरवले. कमी झालेला मासा वाढला.

कोपऱ्यातली_आजी

खातात काय रे ती माणसं?

मलप्रभाकाठ

आजी, तुमच्या एकादशीचं! साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना तोच कसावा त्यांचं मुख्य अन्न. पण त्यांची जात कडू, विषारी, तशीच खाल्ली तर माणूस मरतो. म्हणून किसून मटापी नावाच्या विणलेल्या लांब नळीत ठासून भरतात, नळी आढ्याला टांगतात, खालच्या कडीत एक दांडका अडकवून त्यावर बाई चक्क बसते. वजनानं नळी लांब आणि बारीक होते आणि विषारी रस पिळून खाली पडतो. उरलेल्याची भाकरी आणि भाजलेला रवा. आणि तो विषारी रस पण फेकत नाहीत, उकळून उकळून काळा घट्ट करतात, विष जातं, त्याची आमटी. मावसभावानं खाल्ली, म्हणाला आपल्या चिंचगुळाच्या आमटीच्या जवळपास.

शेती मात्र कुमरीसारखीच. रानाचा तुकडा जाळायचा, दोन-तीन वर्षं लावायचं, मग सोडून द्यायचं. आपल्याकडं इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकातच बंद पाडली, जंगलाचं वाटोळं करतात म्हणून. आणि मग स्वतः रेल्वेच्या स्लीपरसाठी काय काय तोडलं ते लोंढ्याच्या लोकांना सांगायला नको.

चोर्ला_घाट

सगळं ठीक, पण मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. गवाळीच्या माणसाला घराची भिंत बांधताना अभयारण्य आठवतं आणि कळसा-भांडुराच्या कालव्याला (गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं ते काम) अभयारण्य आठवत नाही. २०१८ ला म्हादई लवादानं पाणी वाटून दिलं, १३.४२ टीएमसी कर्नाटकला, त्यातलं ३.९ टीएमसी वळवायला. ते वळवायचं म्हणजे याच रानातून ना? कणकुंबीला जाऊन बघा मलप्रभेच्या उगमाजवळ काय खोदून ठेवलंय ते. मोठ्या प्रोजेक्टला जंगल मऊ आणि गरिबाला कडक.

हुबळीकर_मराठी

चोर्ला घाट, तुम्ही गोव्याची बाजू बोलताय. मलप्रभेचं पाणी हुबळी-धारवाडला प्यायला लागतं, उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांनी नळ येतो आमच्याकडं. पिण्याच्या पाण्याला पण विरोध करणार का?

चोर्ला_घाट

मी कुणाचीच बाजू बोलत नाही, मी म्हणतोय नियम एकच लावा. पाणी हवंय तर देऊ, पण मग भिंतीला पण परवानगी द्या. (आणि हुबळीत नळगळती किती ते पण काढा कधीतरी.)

व्यवस्थापक

म्हादईवर तीन धागे आधीच उघडे आहेत, तिकडं भांडा. इथं जंगल आणि वस्ती एवढंच.

काळा_कोट

आतापर्यंत वाचत होतो. वकिलीचा धंदा आहे म्हणून कोरडंच लिहितो, माफ करा. मलप्रभाकाठ यांचा प्रश्न होता की ज्याला राहायचं त्याच्या हातात काय. हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे. अभयारण्याला पण लागू आहे, "अभयारण्यात वनहक्क नसतो" असं कुणी सांगितलं तर खोटं. हलवायचं असेल तर आधी हक्कांची नोंद पूर्ण व्हायला पाहिजे आणि ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. एकेकाला ऑफिसात बोलावून सही घेणं ही ग्रामसभा नव्हे.

गयानाला जायची गरजच नाही हो. आपल्याच राज्यात, बिळिगिरी रंगन बेट्टात, व्याघ्र प्रकल्प आहे तो, तिथल्या सोलिगा आदिवासींना २०११ ला सामुदायिक वनहक्क मिळाले. मध, आवळा गोळा करायला आधी बंदी होती त्यांना. आणि महाराष्ट्रात गडचिरोलीचं मेंढा-लेखा सगळ्यांना ठाऊक आहे, २००९ ला १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २०११ ला स्वतःचा बांबू स्वतः विकला. वाहतुकीचा पास द्यायचा अधिकार ग्रामसभेकडं आला ना, तिथं खरा फरक पडला. वखारवाले सांगतील पास कुणाच्या हातात यावर काय काय अवलंबून असतं.

वखारवाला

सगळंच.

जांबोटीकर

साहेब पण सोलिगा एसटी (अनुसूचित जमात) आहेत. आमच्याकडं मराठा, गवळी धनगर, कुणबी. आम्हाला कुठला वनहक्क? दावे भरले होते की लोकांनी मागं, परत आले. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा आणा म्हणाले. आता पणजोबानं रेशन कार्ड काढून ठेवलं नव्हतं ही त्याची चूक.

काळा_कोट

हो, एसटी नसेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, म्हणजे १९३० च्या आसपास पोचावं लागतं. इथंच आपली लोकं अडकतात, आणि इथंच एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. १९३० ला खानापूर कुठं होतं? मुंबई इलाख्यात. १९५६ पर्यंत आपण मुंबईकडंच होतो. म्हणजे त्या काळचं जे काय दप्तर आहे, गावठाणाची मोजणी, चराईचं परमिट, जंगल गुन्ह्याचा दंड भरल्याची पावती, त्यातलं बरंच मराठीत, हाती लिहिलेलं तर मोडीत. आणि फॉर्म कन्नडात. तपासणारा कन्नड वाचतो, पुरावा मोडीत, आणि दावा करणाऱ्याला दोन्ही येत नाही. मग "पुरावा नाही" असा शेरा मारायला किती वेळ लागतो?

दंडाची पावती हा तर माझा आवडता पुरावा. पणजोबाला रानातून फाटी आणली म्हणून चार आणे दंड झाला असेल तर तो त्या दिवशी त्या रानात होता हे सरकारनंच लिहून दिलंय.

शिवाय कागदच पाहिजे असं पण नाही. नियमात म्हाताऱ्या माणसाची लेखी जबानी चालते, जुनी देवळं, स्मशान, विहीर, गावाच्या राईतली देवता, हे सगळं पुराव्यात धरतात. १८८४ चं बेळगाव गॅझेटिअर पण दाखवता येतं. पण एक तरी दुसरा पुरावा जोडा, नुसत्या जबानीवर विसंबू नका.

आणि एकेकट्यानं नको. वैयक्तिक दावा फॉर्म ए, त्यात शेत आणि घर येतं. आपल्याला पाहिजे फॉर्म बी आणि सी, सामुदायिक. सी मध्ये गावाच्या परंपरेच्या हद्दीतलं जंगल राखायचा आणि सांभाळायचा हक्क येतो. मलप्रभाकाठ जे इवोक्रामाचं सांगत होते त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्या कायद्यात हेच.

हिशेबनीस

मी अजून पण म्हणतो इथं लोकसंख्येचं प्रेशर वेगळं आहे. पण भीमगडाच्या आतल्या गावांत माणसं किती आहेत ते बघितलं तर तिथं प्रेशर माणसाचं नाही, रिसॉर्टचं आणि उसाचं बाहेरून आहे, हे मान्य. आणि सामुदायिक हक्क मिळाला तर विकणार काय? लाकूड तर अभयारण्यात तोडता येणार नाही.

शिरशीची_लेक

लाकूड नकोच. मुरगल (आमसूल), शिकेकाई, हिरडा, मध, जांभूळ, करवंद. फक्त ग्रामसभेनं तारीख ठरवायची की अमुक तारखेच्या आधी कुणी झाडाला हात लावायचा नाही. उप्पागेला तेवढं एक झालं असतं तरी पुरलं असतं.

दांडेली_लोंढा_पॅसेंजर

आणि गाईड. मावसभाऊ तिथं पैसे देऊन गाईडच घेऊन फिरला असणार ना? झाडांच्या शेंड्यांमधून झुलते पूल बांधलेत त्यांनी, जमिनीपासून तीस मीटरपर्यंत उंच, त्यावर चढायला जगभरातून पक्षीवाले जातात आणि बरोबर जाणारा माणूस तिथल्याच गावचा. इथं बाहेरची पोरं जीपड्या घेऊन येतात, पाण्यात बाटल्या फोडतात आणि गावच्या पोराला मिळतं काय तर काचा गोळा करायला.

मलप्रभाकाठ

हो, गाईड गावचाच होता. सुरामा म्हणून शेजारचं गाव आहे, त्यांनी तर स्वतःचं पाहुणेघर काढलंय, गावाच्या मालकीचं. काळा कोट साहेब, दप्तराचं काम करायचं तर कुठून सुरू करायचं ते सांगा. मोडी वाचणारे दोन-तीन जण या ग्रुपवर आहेत हे मला माहीत आहे, लपू नका.

मोडीवाली

हजर. मला सराव आहे पण घाईतलं लिखाण असेल तर वेळ लागतो. फोटो काढताना पानाच्या चारी कडा येऊ द्या आणि फ्लॅश मारू नका, शाई पांढरी दिसते. मागच्या पानाचा फोटो पण काढा, तारीख बऱ्याचदा तिथंच असते आणि ती फसली सनात (जुनं महसुली साल) असली तर इसवी सनासाठी ५९० मिळवायचे, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष इकडं तिकडं होतं. लिप्यंतर मी करते, पण त्याचं कन्नड भाषांतर दुसऱ्या कुणीतरी करा, माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं आहे.

हुबळीकर_मराठी

कन्नड मी करतो. पाण्यावर भांडलो म्हणून काय झालं.

काळा_कोट

छान. मग आधी दोनच गावं घ्या, सगळी एकदम नको. गावात आधी वनहक्क समिती आहे का बघा, असेल तर ती जिवंत करा, नसेल तर ग्रामसभा घेऊन नेमा. ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत, त्याच्या सह्या-अंगठे व्यवस्थित घ्या, दावे तिथंच पडतात. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तोंडी "ठेवून जा" म्हणाले तर ठेवून येऊ नका.

जांबोटीकर

निम्मी हजेरी पावसाळ्यात विसरा. निम्मं गाव गोव्याला आणि पुण्याला असतंय कामाला. शिमग्याला सगळे येतात, तेव्हा घेऊया, बायका पण असतात. मी कोंगळ्याच्या पाहुण्यांशी बोलतो, तिथली एक म्हातारी आहे, वय काढायला जन्मतारीख न्हाई पण पोलिसाला घाबरून लाकडाची मोळी टाकून पळाल्याचं अजून सांगती. तिची जबानी आधी लिहून घ्या वो साहेब, शिमग्यापर्यंत थांबू नका. आणि फॉर्म सी मराठीत कुणाकडं असला तर इथं टाका.